राणीला माती दे, देवा

पांडुरंगा,

मृगाचा जोराचा पाऊस होऊन गेला की एखाद्या संध्याकाळी वारा पडतो, हवा कोंदते आणि धारवाडच्या तांबड्या मातीतून तुझ्या राण्या बाहेर पडतात. त्या संध्याकाळी मला डोळे दे. जमिनीवरून चाललेल्या हजार काळ्या ठिपक्यांतून एक ठिपका वेगळा ओळखतील असे डोळे दे. ती मला दिसू दे, आणि दिसल्यावर माझा हात मागे राहू दे. एवढेच मागायला बसले होते. पण तुझ्यापुढे बसले की मागणे वाढत जाते. ऐकून घे.

तू आम्हाला ठेवलेस ते गाव उंबऱ्यावरचे आहे. पश्चिमेला हल्याळ-दांडेलीचे रान, पूर्वेला नवलगुंदची काळी जमीन, मधे आम्ही. वळवाचा पाऊस एकीकडून गडगडत येतो, मोसमी पाऊस दुसरीकडून भुरभुरत येतो. तुझ्या राण्या या दोन्ही पावसांवर कान ठेवून असतात. प्रत्येक जातीचा मुहूर्त वेगळा: कुणाचा पहाटे, कुणाचा भर उन्हात, मुंगळ्यांचा दिवेलागणीला. आणि एका जातीची या टोकाची वारुळे आणि त्या टोकाची वारुळे साधारण एकाच वेळी उघडतात. साधनकेरीच्या तळ्याकाठची, कॉलेजच्या आवारातली, नुग्गीकेरीच्या मारुतीच्या वाटेवरची. निरोप कोण देते? ऊब, ओल आणि पडलेला वारा. माणसांना पत्रिका छापूनही एका वेळी मांडवात आणता येत नाही. तू हे नुसत्या हवेतून जमवतोस.

मी शाळेत मुलांना जीवशास्त्र शिकवले, म्हणून दरवर्षी या दिवसांत मुले दारात येतात. डबीत काहीतरी पंखवाले असते. बहुतेक वेळा ती वाळवी असते. चारही पंख सारखे, कंबर नाही, अंग मऊ. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर चिमटीत धरावी तशी बारीक. हे एकदा सांगितले की मुले विसरत नाहीत. वाळवीत राजा राणीबरोबर मातीत उतरतो आणि जन्मभर तिच्याजवळ राहतो. मुंगीत तसे नाही. नर एक-दोन दिवसांचा पाहुणा. त्याला बापच नसतो. राणीने फळवल्यावाचून घातलेल्या अंड्यातून तो येतो. त्याला आजोबा असतात, बाप नसतो. आणि मुली सगळ्या फळलेल्या अंड्यांतून. आकाशात एका संध्याकाळी जे मिळाले ते राणी पोटातल्या बारीकशा पिशवीत जपून ठेवते आणि वर्षानुवर्षे, एकेका अंड्याला थोडे थोडे, पुरवून वापरते. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या घरट्यात जवळजवळ २९ वर्षे जगली. पुन्हा तिला नराची भेट नाही. देवा, माझ्या हातून एका महिन्याचे रेशन नीट पुरवले जात नाही असे वाटते तेव्हा मला तिची आठवण दे.

मुक्ताबाईंच्या अभंगात मुंगी उडते. लहानपणी आम्ही ते कोडे म्हणून ऐकले. उलटे बोल, ज्याचा अर्थ गुरूने सांगायचा. त्या अर्थाला मी हात लावत नाही, तो मोठ्यांचा आहे. पण मुंगी खरोखर उडते, आणि तीही तूच उडवतोस, हे मुलांना परसात उभे करून दाखवता येते याचा मला फार आनंद आहे.

आता ते उडणे. तू पाहतोसच, तरी मी सांगते, कारण मी पाहिले याची नोंद तुझ्यापाशी व्हावी. आधी कामकरणी बाहेर येतात. बिळाच्या तोंडाशी त्यांची धावपळ असते, लग्नघरात नवरी निघायच्या आधीची गडबड तशीच. मग बारीक अंगाचे, लहान डोक्याचे नर. मग त्या. जड, चकचकीत, काचेसारख्या पंखांच्या. अंधारातून पहिल्यांदा उजेडात आलेल्या. काही जणी तोंड काढतात आणि परत आत जातात. कामकरणी त्यांना कधी अडवतात, कधी मागून रेटतात. मग एखादी गवताच्या पात्यावर चढते, पाते वाकते, आणि ती सुटते. त्या सुटण्याला आवाज नाही. कोतवाल मात्र तारेवर बसून असतो. वेडे राघू असतात, पाकोळ्या वरच्या वर घिरट्या घालत असतात. भिंतीवर दिव्याजवळ पाली सरसावतात, नळाशी बेडूक. बघता बघता शेकडो संपतात.

इथे मी तुझ्याशी भांडले आहे, पांडुरंगा. इतक्या लेकी घडवायच्या, प्रत्येकीच्या पोटात एका गावाची तयारी ठेवायची, आणि बहुतेकींना पहिल्या तासात कुणाच्या तरी चोचीत द्यायचे? मला याचे उत्तर पुस्तकातून देता येते: इतक्या मरतात म्हणून इतक्या निघतात. कोतवालाची पिले याच दिवसांत घरट्यात तोंड वासून असतात, बेडकाला उन्हाळाभराची भूक असते. त्या ताटात तू हे वाढतोस. उत्तर बरोबर आहे. पण पालीच्या जबड्यात अर्धे पंख दिसतात तेव्हा ते उत्तर पुरत नाही. म्हणून मी त्यांच्यासाठी मागते: ज्या पडल्या त्यांना तुझ्यापाशी घे, त्यांचे जाणे वाया गेले असे होऊ देऊ नकोस. आणि ज्या उरल्या त्यांना माती दे.

उरलेली कशी ओळखावी? अंगावर पंख नसतात, म्हणूनच ती नजरेतून सुटते. मुंगळ्यांतली दांडगी कामकरीण डोक्याने मोठी असते. राणीचा भार छातीत असतो. पाठ फुगीर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पंख जिथून गळले तिथे बारीक वण. पोट मोठे. आणि चाल वेगळी. कामकरणीला घर असते, ती वाटेने जाते. हिला घर नसते. ही भिंतीच्या कडेने जाते, थांबते, माती हुंगते, पुढे जाते, कुंडीखाली शिरते, बाहेर येते. ज्याने एकदा ही चाल पाहिली त्याला पुढे वण पाहायची गरज पडत नाही.

विद्यापीठाच्या टेकडीच्या उतारावर एका राणीने माझ्यासमोर पंख गाळले. ती चिखलात उतरली. क्षणभर नुसती थांबली. मग मधला पाय पंखावरून मागे ओढला, पुन्हा ओढला, अंग एका कुशीवर कलते केले आणि पंख खाली दाबला. तो तुटला नाही, सुटला. पंखाच्या बुडाशी तू आधीच रेघ आखून ठेवली आहेस, तिथूनच तो निघतो. जिनिव्हाच्या प्येर ह्यूबरने १८१० मध्ये हेच पाहून लिहिले होते. चारही पंख मागे टाकून ती वळूनही न पाहता निघाली. दगडाच्या बगलेला ओली माती मिळाली तेव्हा तिने जबड्याने कण उचलला, मागे सरकली, हातभर नव्हे, बोटभर अंतरावर टाकला, परत गेली. दुसरा कण. तिसरा. तिला सोंड नाही, कुदळ नाही, मदतीला कोणी नाही. पाऊस पुन्हा लागला तेव्हा ती अंगाएवढी आत गेली होती. मग आतून मातीचा एक गोळा आला आणि दार लिंपले गेले.

त्या लिंपलेल्या दारामागे जे होते ते मला तुझ्या सगळ्या चमत्कारांत मोठे वाटते. ती खात नाही. बाहेर येत नाही. उडण्यासाठी छातीत जे स्नायू दिले होतेस त्यांचे काम संपले. आता तेच विरघळतात आणि तिच्या रक्तातून अंड्यांना आणि अळ्यांना मिळतात. शार्ल जाने नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९०७ मध्ये काप काढकाढून हे दाखवले: छातीतले मांस कमी होत जाते तसतसे पोटातले पोषण वाढते. म्हणजे ज्या बळावर ती आकाशात गेली तेच बळ लेकरांच्या तोंडात जाते. काही अंडी ती अशी घालते की ती उबायचीच नसतात. ती अळ्यांना भरवायची. महिना-दीड महिन्याने पहिल्या लेकी निघतात, आणि त्या खुज्या असतात, कारण एका आईच्या अंगातून जेवढे निघाले तेवढ्यातच त्या घडलेल्या. त्याच खुज्या पोरी दार फोडतात, बाहेर जातात, पहिला दाणा आणतात, आईला भरवतात. तिथून पुढे तिला अंधारात बसून अंडी घालणे एवढेच.

आम्ही तिला राणी म्हणतो. ती हुकूम देत नाही. तिला बाहेर काय चालले आहे ते कळतही नसेल. वारुळाचे सगळे काम लेकी एकमेकींशी ठरवून करतात, आणि ती सगळ्यांच्या मुळाशी असते. मी वयाने मोठी झाले आहे. घरातले हुकूम आता माझे नाहीत. मुळाशी शांतपणे राहता येणे हेही मला दे.

आणि तू एकच नमुना करून थांबला नाहीस. हुबळीहून दक्षिणेला, जोगच्या धबधब्याच्या रानात उड्या मारणारी मुंगी राहते, लांब जबड्यांची आणि मोठ्या डोळ्यांची. जर्डन नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने १८५१ मध्ये तिची नोंद केली. तिचे घर जमिनीखाली असे बांधलेले असते की पावसाचे पाणी बाजूने निघून जावे, आणि खोलीच्या भिंतींना रिकाम्या कोषांचे तुकडे कागदासारखे चिकटवलेले. क्रिस्तियान पीटर्स, बर्ट हॉल्डोब्लर, मार्क मॉफेट आणि आपल्या कर्नाटकातले मुस्ताक अली यांनी १९९४ मध्ये त्या घराचे वर्णन छापले. या मुंगीची राणी मेली की कामकरणींत मिशांची झटापट होते, दिवसच्या दिवस चालते, आणि जिंकलेल्या काही जणी अंडी घालू लागतात. त्यांचा मेंदू आकाराने घटतो, आयुष्य मात्र महिन्यांवरून वर्षांवर जाते. राणीपद काढून घेतले तर मेंदू पुन्हा वाढतो, हेही अलीकडे दिसले आहे. आणि डायकॅमा नावाच्या आपल्याकडच्या काळ्या मुंगीत तर वेगळी राणी तू घडवलीच नाहीस. सगळ्या सारख्या जन्मतात, पाठीवर पंखांच्या जागी दोन इवलेसे अवशेष घेऊन. जिचे ते अवशेष शाबूत राहतात ती आई होते. बाकीच्यांचे कुरतडले जातात. त्याच कुळातली एक जात दक्षिणेच्या कोरड्या भागात बिळाच्या तोंडाभोवती पिसे रचते, आणि पहाटे त्या पिसांवर साचलेले दव पिते. हे वाचले त्या दिवशी मी देवघरात दुसऱ्यांदा दिवा लावला.

या मुंग्या आधी ज्यांनी पाहिल्या त्यांच्यासाठीही माझे हात जोडलेले आहेत. ते परके होते, त्यांच्या सत्तेचे मला कौतुक नाही. पण त्यांनी गुडघे टेकून आमची माती पाहिली. कर्नल साइक्सने पुण्याला पावसाने भिजलेले गवताचे बी मुंग्या बिळाबाहेर आणून उन्हात वाळवताना पाहिले आणि १८३५ मध्ये त्या जातीला दूरदर्शी अशा अर्थाचे नाव दिले. आपल्या बायका गव्हाला ऊन दाखवतात तेच काम. मुंबई इलाख्यात आपला धारवाड जिल्हा होता तेव्हा त्याच इलाख्याच्या जंगल खात्यातले राउटन मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडच्या फोरेल या मुंग्यांच्या अभ्यासकाकडे पाठवीत. त्यांचा मुंग्यांवरचा लेख १८९२ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या नियतकालिकात आला. आज भारतात मुंग्यांच्या आठशेहून अधिक जाती-उपजाती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या किती आमच्या वाड्यांच्या भिंतींत नांदतात आणि आम्ही त्यांना नुसती फडक्याने पुसतो.

शेजारच्या अज्जी पुसत नाहीत. त्या दर सोमवारी चिमूटभर रवा आणि साखर घेऊन चाफ्याच्या बुडाशी जातात. मी एकदा विचारले तर म्हणाल्या, "इरुविगू होट्टी ऐती, टीचर." मुंगीलाही पोट आहे, एवढेच. आमच्याकडे वैश्वदेवात मुंगीच्या नावाचा घास काढत. आजोबांनंतर तो राहून गेला. माझ्या आईच्या दारात रांगोळी तांदळाच्या पिठाची असे, दुपारपर्यंत तिच्या रेघा मुंग्या नेत. देवा, अज्जींना आयुष्य दे. आणि ज्यांच्या घरात हा घास बंद पडला त्यांना तो पुन्हा काढायची आठवण दे. आमचेच घर पहिले धर.

आता हाताविषयी.

२०२५ च्या एप्रिलमध्ये केनियात दोन कोवळ्या परदेशी तरुणांकडे सुमारे ५ हजार मुंग्या सापडल्या, बहुतेक राण्या, कापूस घातलेल्या काचनळ्यांत ठेवलेल्या. तिकडच्या मोठ्या लाल धान्यवेच्या मुंगीच्या राण्या. युरोपात आणि आशियात मुंग्या पाळणारे लोक एकेका राणीला चांगले पैसे देतात. पुढच्या महिन्यात कोर्टाने प्रत्येकाला १० लाख केनियन शिलिंग दंड किंवा १२ महिने कैद सुनावली. पूर्वी हस्तिदंत चोरीला जात असे, आता मातीतली आई जाते. एक राणी नेली म्हणजे एक मुंगी नेली असे होत नाही. पुढच्या कित्येक वर्षांत त्या जागी जे हजारो पाय माती भुसभुशीत करणार होते, बी पेरणार होते, मेलेले किडे उचलून नेणार होते, ते सगळे जातात.

आणि जिथे नेली तिथेही बरे होत नाही. हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर पिवळी धावरी मुंगी जहाजांबरोबर पोचली. कित्येक वर्षे ती निमूट राहिली, मग १९८९ पासून तिची वारुळे एकमेकांत मिसळून रानभर पसरू लागली, आणि त्या बेटाचे लाल खेकडे, जे दरवर्षी रान उतरून समुद्राकडे जातात, ते कोटीच्या वर मेले. हवाईच्या बेटांवर तर माणसे जाण्याआधी एकही मुंगी नव्हती; आज तिथे परक्या मुंग्या आहेत आणि मूळचे किडे मागे हटले आहेत. आपल्या पायाला चावून फोड आणणारी लाल मुंगीसुद्धा मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून मनिलाला उतरली आणि तिथून जगभर गेली, असे तिच्या वंशाचा माग काढणाऱ्यांनी दाखवले. तिचा यात काय दोष? तिला जहाजात माती मिळाली, तिने घर केले. तू ज्याला जिथे ठेवलेस तिथून त्याला उचलण्याआधी आम्हाला दहादा विचार करायला लाव.

आमच्या मुलांनाही मोबाइलवर दिसते: काचेच्या पेटीत राणी, पांढऱ्या अंड्यांचा ढीग, खाली किंमत. मन ओढले जाते, ते वाईट मनाचे लक्षण नव्हे. सुंदर वस्तू जवळ असावी असे वाटणारच. मी त्यांना दगड उचलायला शिकवते. दगड स्वतःकडे कलता करायचा, म्हणजे खाली साप-विंचू असेल तर तो पलीकडे निघेल. खाली राणी असेल तर श्वास रोखून पाहायचे. ती अंड्यांवर पोट टेकून बसलेली असते, पायांशी चार-दोन अळ्या, मिशा सारख्या हलत असतात. उजेड लागला की ती पळून जात नाही. आधी अंड्यांचा गोळा तोंडात उचलते. मग दगड होता तसा, होता त्याच बाजूने, हळू खाली ठेवायचा. वहीत तारीख, जागा, पाऊस कधी झाला, रंग, आकार लिहायचे. वहीत राणी आली, राणी तिथेच राहिली. यातले जे मूल पुढे जाऊन खरा अभ्यास करील त्याला परवानगीने, गुरूच्या देखरेखीखाली, एखादी राणी न्यावीही लागेल. ज्ञान असे मिळते हे मी जाणते. पण सुरुवात ठेवून देण्याने होऊ दे. तेवढी बुद्धी त्यांना माझ्या तोंडून नको, तुझ्याकडून मिळू दे, म्हणजे ती टिकेल.

आंब्याच्या झाडावरची तांबडी मुंगीही मला एकदा नीट दिसू दे, कोकणात जिला ओंबील म्हणतात. तिची राणी हिरवट असते आणि पहिले घर पानाच्या वळणात करते. पाने शिवायला रेशीम लागते ते अळ्यांच्या तोंडातून; कामकरणी अळीला तोंडात धरून या पानावरून त्या पानावर फिरवतात. पण लेकी होण्याआधी राणीला शिवणारे कोणी नसते. ती वळलेले पान शोधते आणि त्यातच राहते. औषध मारणाऱ्याचा पंप त्या पानापाशी पोचायच्या आधी दुसरीकडे वळव.

आता मुख्य मागणे. पांडुरंगा, हुबळी-धारवाड या आमच्या जुळ्या शहरात माती कमी होत चालली आहे.

हुबळीच्या सिद्धारूढ स्वामींच्या नावाच्या स्टेशनावर जगातला सर्वांत लांब फलाट आहे, १,५०७ मीटर. २०२३ च्या मार्चमध्ये त्याचे उद्घाटन झाले तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती भरून आली, आजही येते. पावसाळ्यात त्याच्या दिव्यांखाली रात्री मी गाडीची वाट पाहत उभी असते तेव्हा खाली पाहते. दिव्याने ओढलेल्या राण्या तिथे उतरलेल्या असतात. पंख गाळून झालेले असतात. आणि त्या चालतात. फरशीच्या सांध्यातून हुंगत, थांबत, पुढे. एवढ्या लांब फलाटावर त्यांना अंगाएवढी ओली माती सापडत नाही. सकाळी झाडूवाल्या बायका पंख आणि राण्या एकाच सुपलीत भरतात. त्या बायकांचे काही चुकत नाही. फलाट तर फलाटासारखाच हवा. पण घरी आल्यावर माझ्या लक्षात येते की आमची गल्लीही फलाटच झाली आहे. अंगणात पेव्हर ब्लॉक, परसात सिमेंट, झाडाच्या बुंध्याशी सिमेंटचे कडे गळ्याला टेकलेले. पुणे-बंगळूर रस्ता रुंद झाला तेव्हा दोन्ही गावांमधली जुनी झाडे गेली; त्यांच्या मुळांतली वारुळेही गेली असणार, त्यांचे कोणी काही बोलले नाही. चिखल नको, डास नको, चपला स्वच्छ राहाव्यात, यासाठी आम्ही हे केले. चिखलाचा त्रास खरा आहे, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरतात, मला ते कळते. तरी फरशी दारापासून रस्त्यापर्यंतच पुरे होती. कोपऱ्यापर्यंत कशाला गेली?

राणीला फार लागत नाही. ओंजळभर भुसभुशीत जागा, वर एक दगड किंवा वाळकी पाने, दोन महिने कोणी खणू नये, औषधाची पूड टाकू नये. त्यात ती पुढच्या कित्येक वर्षांचे गाव वसवते. पावसाचे पाणी त्यातून खाली जाते, जे आमच्या बोअरला हवेच आहे. चाफ्याला, कढीपत्त्याला मोकळी मुळे मिळतात. हे फायदे मी तुला मोजून दाखवत नाही. शेजाऱ्यांना सांगण्यासाठी मला शब्द पुरव एवढेच म्हणते. त्यांच्याशी बोलताना माझा आवाज शिक्षिकेचा होऊ देऊ नकोस, शेजारणीचा राहू दे.

ज्यांच्या तान्ह्या बाळाला लाल मुंग्या डसल्या त्या आईला मी मुंगी वाचव असे सांगायला जाणार नाही. तिचे पाळण्याच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे बरोबर आहे. ज्या शेतकऱ्याच्या भुईमुगात मुंग्या शेंगा पोखरतात त्याचे नुकसान मोठे आहे. त्याला चांगला उपाय मिळू दे, कृषी विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या हातांना यश दे. माझे मागणे जिथे कुणाचे काही बिघडत नाही त्या कोपऱ्याचे आहे. देवळाच्या मागचा कोपरा, शाळेच्या कुंपणाखालची पट्टी, शाल्मलेच्या उगमाजवळ सोमेश्वराच्या आवारातली झाडाखालची जागा, प्रत्येक घराच्या नळाशेजारची हातभर माती.

आषाढी जवळ आली आहे. तुझे वारकरी रस्त्याने येतील, त्यांच्या पायांखाली ज्या राण्या येतील त्यांना तू बाजूला कर, आणि ज्यांना करता येणार नाही त्यांचे आई-बाप तूच. मी यंदाही वारीला नाही, गुडघे साथ देत नाहीत. नळाशेजारी उकिडवे बसणे अजून जमते, तेवढे राहू दे.

पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या उरलेल्या घरांपुढे फरशी घालायला माणसे येणार आहेत, दर ठरला आहे, माप घेऊन झाले आहे. पांडुरंगा, त्याआधी प्रत्येक घराला एक कोपरा मोकळा सोडायची बुद्धी दे. आणि हे जो कोणी वाचील त्यानेही आपल्या अंगणाचे माप देताना गवंड्याला सांगावे: एवढी माती तशीच राहू दे.